आंबेडकरांच्या घरापासून पुढे चाला

लंडनला आलेला मराठी माणूस १०, किंग हेन्रीज रोडला आवर्जून जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले, ते घर. दर्शन घेऊन बहुतेक जण परत फिरतात. लेकीकडे मुक्कामाला आले की मी तिथून पश्चिमेकडे चालत निघते आणि साधारण अर्ध्या तासात अलेक्झांड्रा रोड वसाहतीत पोहोचते.

तिथे पर्यटक फारसे नसतात. कॅम्डेन कौन्सिलसाठी आर्किटेक्ट नीव्ह ब्राऊन यांनी रचलेली ही पाचशेवर भाड्याची घरं १९७८ मध्ये पूर्ण झाली. काँक्रीटचे मजले घाटाच्या पायऱ्यांसारखे मागे सरकत चढतात. सर्वांत उंच इमारतीची पाठ रेल्वेमार्गाकडे आहे, त्यामुळे गाड्यांचा आवाज आत कमी येतो. मधल्या लाल विटांच्या रस्त्यावर मोटारींना मज्जाव आहे. प्रत्येक घराला मोकळी जागा आहे आणि कुंड्यांमधल्या वेली खाली झुकलेल्या दिसतात. बांधताना खर्चावरून टीकेची झोड उठली होती. १९९३ मध्ये मात्र वसाहतीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

इथे फिरताना मला मुंबई आठवते. तिथे चाळ पाडली की टॉवरच उभा राहतो. दाट वस्तीसाठी टॉवरशिवाय पर्याय नाही, हे मला मान्य नाही. चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये ऐंशीच्या दशकातच कमी उंचीच्या, अंगणाच्या घरांची दाट वस्ती करून दाखवली. पुनर्विकासाचे आराखडे मंजूर करणाऱ्यांनी या दोन्ही वसाहती पायी फिरून पाहाव्यात. आणि आपल्या इमारतीचा आराखडा समोर आला की तुम्हीही विचारा: शेजाऱ्यांनी भेटायचं कुठे?