‘दिल्ली जिंकली’ म्हणजे नेमके काय जिंकले?

१/ ‘मराठ्यांनी दिल्ली जिंकली’ हे वाक्य इतिहासप्रेमींच्या चर्चेत वारंवार येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ‘दिल्ली’ या एकाच शब्दाने कधी शहर, कधी तख्त, तर कधी सत्ता सूचित होते. यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ठरविल्याशिवाय त्या वाक्याचा अभिमानही नीट बाळगता येत नाही आणि त्याची चिकित्साही होत नाही.

२/ प्रथम नावाविषयी. इ.स. ११७० च्या बिजोलिया शिलालेखात ‘ढिल्लिका’ हे रूप आढळते. चौथ्या विग्रहराजाने ती घेतल्याचा तेथे उल्लेख आहे. बल्बनाच्या काळातील, १२७६ च्या पालम येथील विहिरीच्या लेखात ‘ढिल्ली’ येते. लोहस्तंभाची खिळी ‘ढिली’ राहिली म्हणून ढिल्ली, ही कथा प्रसिद्ध आहे. परंतु ती आख्यायिकाच होय.

३/ नाव एक असले, तरी जागा एक नव्हती. १३३४ मध्ये आलेल्या इब्न बतूताने दिल्लीचे वर्णन करताना चार शहरे मोजली आहेत : दिल्ली, सिरी, तुघलकाबाद आणि जहाँपनाह. म्हणजे ‘दिल्ली’ हे चौघांपैकी एकाचे नाव होते आणि चौघांचे मिळूनही होते.

४/ शाहजहानने यमुनेकाठी नवे शहर वसविले आणि १६४८ मध्ये तेथे दरबार भरविला. नाण्यांवर टांकसाळीचे नाव ‘दारुल्खिलाफत शाहजहानाबाद’ असे पडू लागले. लोक मात्र ‘दिल्ली’च म्हणत राहिले. त्या काळच्या या नव्या शहराला आज ‘जुनी दिल्ली’ म्हणतात. बादशहाने दिलेले नाव नाण्यावर राहिले, लोकांचे नाव तोंडी टिकले.

५/ दूरच्या माणसाला दिल्ली म्हणजे दिशाही होती. पुण्याच्या शनिवारवाड्याचा उत्तरेकडील मुख्य दरवाजा ‘दिल्ली दरवाजा’ म्हणून ओळखला जातो. औरंगाबादच्या तटालाही याच नावाचा दरवाजा आहे. ज्यांनी ते शहर कधीही पाहिले नव्हते, त्यांच्याही रोजच्या बोलण्यात ते नाव होते.

६/ आता मूळ प्रश्न. १७३७ मध्ये पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत पोहोचला आणि त्याने बादशाही फौजेचा पराभव केला. पण शहर जाळण्याचा बेत त्याने सोडून दिला. तसे केल्यास राजकारणाचा धागा तुटेल, असे कारण त्याने चिमाजी अप्पांना लिहिलेल्या पत्रात दिले आहे. शहर आवाक्यात होते. त्याला हवे होते ते तख्ताकडून मिळणारे हक्क.

७/ १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या ताब्यात प्रत्यक्ष शहर आले. दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून फौजेचा खर्च भागविण्यात आला. परंतु तख्तावर भाऊ बसले नाहीत, विश्वासरावही बसले नाहीत. दूर पूर्वेकडे असलेल्या शाह आलमच्या नावाने द्वाही फिरविण्यात आली. शहर मराठ्यांचे, तख्त तैमूरच्या घराण्याचे!

८/ १७७१ मध्ये मराठ्यांनी पुन्हा दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत शाह आलमला अलाहाबादेहून आणून तख्तावर बसविले. १७८४ मध्ये ‘वकील-इ-मुतलक’ हे पद पेशव्यांच्या नावे आले. महादजी शिंदे त्यांचे नायब झाले. येथे सत्ता जिंकली गेली, पण ती बादशहाच्या नावाने चालविण्यासाठी.

९/ याला काही जण दुबळेपणा म्हणतात. हे मत पटण्यासारखे नाही. १८०३ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून दिल्ली घेतली, तेव्हा त्यांनीही बादशहाला हटविले नाही. शाह आलमच्या नावाचे रुपये कंपनी १८३५ पर्यंत पाडत होती. जे नाव कंपनीलाही टाकून देता आले नाही, ते न टाकणे ही मराठ्यांची चूक कशी ठरते?

१०/ त्या नावाचे बळ १८५७ मध्ये दिसले. मेरठचे शिपाई ११ मे रोजी थेट दिल्लीत आले. बहादूरशहाची हुकमत तेव्हा लाल किल्ल्याबाहेर जेमतेम चालत होती. फौज नाही, खजिना नाही, तरी उठावाला केंद्र हवे होते ते दिल्लीचेच. १९११ मध्ये इंग्रजांनी कलकत्त्याहून राजधानी हलविली ती येथेच, आणि १९३१ मध्ये उद्घाटन झालेल्या शहराला नाव दिले ‘नवी दिल्ली’. शाहजहानचा धडा त्यांनी गिरविला नाही. जुने नाव न पुसता त्यापुढे केवळ ‘नवी’ जोडले.

११/ वृत्तपत्रांत आजही ‘दिल्लीचा निर्णय’ असे छापून येते. तेथे दिल्ली म्हणजे केंद्र सरकार. दिल्लीत राहणाऱ्या माणसाचा त्या निर्णयात वेगळा वाटा नसतो. शब्दाची ही सवय जुनी आहे आणि तिच्यामुळेच इतिहास वाचताना घोटाळा होतो.

१२/ म्हणून ‘दिल्ली जिंकली’ असे वाचले की एक प्रश्न विचारावा : कोणती दिल्ली? बाजीरावाने शहराला धाक घातला, भाऊंनी शहर घेतले, महादजींनी कारभार हाती घेतला. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एकच क्रियापद लावले की घोषणा तयार होते. त्या वेगळ्या ओळखल्या, तर मराठ्यांचे राजकारण किती विचारपूर्वक चालले होते हे दिसते, आणि त्याचा अभिमान घोषणेपेक्षा अधिक भक्कम पायावर उभा राहतो.