दोन मतं, एक कोयता

आष्टी तालुक्यात लोकशाही जीपमध्ये बसून येते. मतदान झालं की त्याच जीपमध्ये बसून निघून जाते. मागे धुरळा राहतो आणि बोटावर शाई.

मित्रांनो, लोकशाही म्हणजे मतदान, हे आपल्याला पढवलेलं अर्धं सत्य. अर्धं तरी सत्य आहेच. आपल्या आज्या-पणज्यांनी निजामाची राजवट भोगली. देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, आष्टीला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत वेशीबाहेरच्या बाईला आणि वाड्यातल्या देशमुखाला एकेकच मत होतं. हे कुण्या पाटलानं दिलं नाही, घटनेच्या ३२६ व्या कलमानं दिलं. तेव्हा मताला नावं ठेवणाऱ्या शहाण्यांच्या नादी लागू नका.

पण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं. राजकारणात समता येईल, समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहील. ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर पोळलेली माणसं हा डोलारा उधळून लावतील.

ही विसंगती बघायला पोथी नको, मुकादमाची वही बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल एका कोयत्याची, हिशेब एका कोयत्याचा. एकटा गेला तर अर्धा कोयता. म्हणजे मतदार यादीत दोन माणसं अन् वहीत एक हत्यार! बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडी भरते. वहीत नाव नवऱ्याचं. मी गोदीत पाठीवर ओझं वाहतो. मला पक्कं ठाऊक आहे, ज्याचं नाव वहीत नाही त्याचा घाम हिशेबात येत नाही.

आता कारभार कसा चालतो ते बघा. गाव म्हणजे काय चीज आहे, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ लाच सुनावलं होतं. तरी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पैसा गावाच्या हाती आला. आपल्याला आणि बायांना राखीव जागा मिळाल्या. ठीक. पण किती गावांत राखीव सरपंचाकडे नुसता शिक्का असतो अन् कपाटाची चावी दुसऱ्याच्या कमरेला?

यावर इलाज म्हणून ग्रामसभा आहे. तिथं साधा मतदार उठून हिशेब मागू शकतो. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. अन् तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागतच नाही! चार डोकी, एक रजिस्टर, ठराव पास.

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, उन्हाळ्यात परततात. गावाचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बनतं थंडीत. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते तेव्हा आपली माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात. प्रजासत्ताकाच्या दिवशी प्रजाच गैरहजर! १८ डिसेंबर २०२२ ला ऐन हंगामात ग्रामपंचायतींचं मतदान झालं. मतासाठी फडातून माणसं आणायला गाड्या निघतात. ग्रामसभेसाठी कुणी सायकल तरी पाठवली का?

वरचं बघाल तर तीच गत. सरपंच थेट लोकांनी निवडायचा, असं २०१७ ला ठरलं; २०२० ला मोडलं; २०२२ ला पुन्हा आणलं. सरकार बदललं की नियम बदलतो, गावाला कोण विचारतो? बीड जिल्हा परिषदेची मुदत २०२२ ला संपली, वेळेवर निवडणूक नाही, प्रशासक बसला. चार महिन्यांत निवडणुका उरका, हे राज्याला सांगायला ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालय लागलं. मतसुद्धा असं अडवून ठेवता येतं.

टोळीत बौद्ध, मातंग, वंजारी, लमाण, मराठा सगळेच असतात. पाचट सगळ्यांना सारखंच कापतं. गावात परतलं की वस्त्या वेगळ्या, पाणवठ्यावरच्या नजरा वेगळ्या. ही फूट मोडल्याशिवाय मुकादम हलायचा नाही अन् पुढारीही.

म्हणून ज्या ग्रामसभेत पैशाचा निर्णय होतो ती टोळ्या गावात असताना घ्या, ही मागणी करा. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्चायचे असतात. त्या पैशाचा हिशेब लेखी मागा. तोंडी दिला तर घेऊ नका. २००५ चा माहितीचा अधिकार कशाला आहे? अन् मुकादमाच्या वहीत बाईचं नाव वेगळं लिहायला लावा, तिची मजुरी तिच्या हातात पडू द्या.

मत आपण पाच वर्षांतून एकदा देतो. हिशेब रोज मागता येतो. तो मागायला लागलो की जीपमधून येणाऱ्यांना घाम फुटेल. फुटू दे! आपला तर पिढ्यान्‌पिढ्या फुटतोच आहे.