रुपयातील बारा आणे

आज अनेकांच्या हातातील भ्रमणध्वनीचा पडदा ‘ओएलईडी’ प्रकारचा असतो. त्यात प्रकाश देतात ते कार्बनयुक्त अर्धवाहक रेणू. जुन्या बल्बप्रमाणे येथे तार तापवावी लागत नाही. रेणू खोलीच्या तापमानालाच उजळतात. अशा रेणूंच्या अतिपातळ थरांतून अल्प विद्युतदाबावर प्रकाश मिळविण्याची रीत कोडॅक कंपनीतील चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली.

परंतु या व्यवहारात मोठी तूट होती. विजेने उत्तेजित झालेल्या दर चार अवस्थांपैकी एकीतूनच प्रकाश मिळे. उरलेल्या तिघींची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. रुपयातील चार आणे हाती, बारा आणे बुडीत!

१९९८ च्या सुमारास प्लॅटिनम व पुढे इरिडियम या दुर्मीळ धातूंच्या साहाय्याने ही तूट भरून निघू लागली. पण धातू महाग. २०१२ साली जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची व सहकाऱ्यांनी अशा धातूंविना मार्ग दाखविला. प्रकाश देणारी व न देणारी अवस्था यांतील ऊर्जेचे अंतर अगदी थोडे राहील, अशी त्यांनी रेणूची रचना केली. मग भोवतालची नेहमीची ऊबच निष्प्रकाश अवस्थेला वरच्या पायरीवर चढविते आणि तिची ऊर्जाही प्रकाशरूपाने परत येते.

हिशेब मात्र अजून पूर्ण मिटलेला नाही. निळा प्रकाश देणारे रेणू इतरांहून लवकर क्षीण होतात. टिकाऊ निळ्याचा शोध चालूच आहे. तरीही बुडीत खाती टाकलेले बारा आणे खोलीतल्या उबेने परत मिळवून दिले, हे काय थोडे झाले?