पिवळेपणाची हमी कोण देणार? जपानच्या ‘फूरान’ची गोष्ट (थ्रेड)

१/ तळहातावर मावेल एवढे रोप, विळ्यासारखी वाकलेली जाड पाने, पांढरी फुले आणि दिवेलागणीनंतर दरवळणारा सुगंध. जपानी भाषेत या ऑर्किडला ‘फूरान’ म्हणतात, म्हणजे वाऱ्याचे ऑर्किड. त्याच्या पिवळ्या फुलांच्या जाती संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. हा पिवळा रंग विकत घ्यायचा म्हणजे नेमके काय विकत घ्यायचे? प्रश्न वरवर बागकामाचा वाटतो. उत्तर मात्र इतिहासात सापडते.

२/ फूरान मूळचे जपान, कोरिया आणि चीनमधले. ते झाडांच्या फांद्यांवर किंवा खडकांवर वाढते, पण बांडगुळासारखा यजमान झाडाचा रस शोषत नाही. झाडाकडून त्याला हवा असतो तो केवळ आधार. फुलामागे सुमारे ४ सेंटिमीटर लांबीची वाकडी नळी असते आणि तिच्या तळाशी मध. तिथवर पोहोचतात ते लांब सोंडेचे निशाचर पतंग. अंधारात उठून दिसणारा पांढरा रंग आणि संध्याकाळनंतरचा सुगंध या दोन्हींचा अर्थ इथे लागतो. पिवळे फूल हा या व्यवस्थेतला अपवाद होय.

३/ स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग १७७५ साली डच व्यापारी कंपनीचा वैद्य म्हणून नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर उतरला. १७८४ साली त्याने आपल्या ग्रंथात या वनस्पतीची नोंद केली. ‘फाल्काटा’ या लॅटिन नावाचा अर्थ विळ्याच्या आकाराची. पुढे १९२५ साली चिनी शास्त्रज्ञ हू यांनी तिला ‘निओफिनेशिया’ हे स्वतंत्र कुलनाम दिले. २०१२ मध्ये तिचा समावेश पुन्हा ‘वांडा’ कुलात झाला. ‘वांडा’ हा शब्द मूळ संस्कृत ‘वन्दा’वरून आलेला, १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या विल्यम जोन्स यांच्या लेखनातून तो वनस्पतिशास्त्रात रुजला. आपल्याकडे झाडांवर आढळणारी रास्ना याच कुलातली. म्हणजे जपानी फूरान आज एका भारतीय नावाने ओळखले जाते.

४/ एदो काळात (१६०३–१८६८) जपानमध्ये दीर्घ शांतता नांदली आणि शहरांत पैसा खेळू लागला. कुंडीतल्या विचित्र वनस्पतींचा शौक याच काळात बहरला. पट्टेरी पाने, मुरडलेली पाने, चमत्कारिक फुले, जे जे सामान्य नव्हते ते ते मोलाचे ठरले. अकरावे शोगुन तोकुगावा इएनारी यांना फूरानचा छंद होता, असे परंपरा सांगते. मौल्यवान रोपांवर सोन्या-चांदीच्या तारांची जाळी घालत आणि आपला श्वास रोपाला लागू नये म्हणून पाहणारे तोंडावर कागद धरत, अशीही आख्यायिका आहे.

५/ ही आख्यायिका चित्तवेधक असल्याने फूरानविषयीचे बहुतेक लेखन तिच्यापाशीच थांबते. खरे ऐतिहासिक महत्त्व मात्र जाळीपेक्षा कागदाला आहे. निवडक जातींच्या फूरानला पुढे ‘फूकिरान’, म्हणजे ऐश्वर्याचे व प्रतिष्ठेचे ऑर्किड, असे नाव मिळाले. त्यांची क्रमवार यादी छापली जाऊ लागली. सुमो मल्लांची श्रेणी लावणाऱ्या तक्त्यासारखी तिची मांडणी असते. जपानमधील फूकिरान संस्था आजही अशी यादी काढते. पानांचा आकार, पान खोडाला जिथे जुळते तिथली रेघ, खोडाचा रंग, मुळाच्या टोकाचा रंग, इतक्या बारकाव्यांवर जात ओळखली जाते. फूल हा त्यांतला केवळ एक बारकावा.

६/ आता पिवळ्याकडे येऊ. हा पिवळा सोनचाफ्याचा नव्हे. गाईच्या लोण्याचा म्हणावा असा, फिकट आणि संकोची. त्यातच एक पेच आहे. साधे पांढरे फूल जुने होऊ लागले की तेही पिवळसर पडते. चार-सहा दिवसांच्या फुलाचे संध्याकाळच्या उन्हात टिपलेले छायाचित्र पाहून ग्राहकाने रोप घेतले, तर पुढच्या उन्हाळ्यात पांढरे फूल पाहण्याची वेळ येऊ शकते.

७/ दुसरा पेच संकराचा. नारिंगी, लाल, गुलाबी फुलांच्या जवळच्या प्रजातींशी फूरानचे अनेक संकर झालेले आहेत. ते सुंदर असतात, वाढवायलाही सोपे असतात. त्यांची निंदा करण्याचे कारण नाही. पण त्यांना फूकिरान म्हणता येत नाही. फूल ठसठशीत पिवळे किंवा केशरी, मागची नळी आखूड आणि सुगंध क्षीण असेल, तर आधी संकराची शंका घ्यावी.

८/ तिसरा पेच बियांचा. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अन्नसाठा नसतो. निसर्गात ते बुरशीच्या साहाय्याने रुजते. १९२२ साली लुईस नडसन यांनी बुरशीविना, शर्करायुक्त माध्यमावर बी रुजवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि काचेच्या बाटलीत हजारो रोपे वाढवणे शक्य झाले. मात्र पिवळ्या फुलाच्या रोपाचे प्रत्येक अपत्य पिवळेच फुलेल, याची शाश्वती नाही. म्हणून जातीचे नाव लागते ते मूळ रोपापासून विभागलेल्या फुटव्याला. बीजापासूनच्या रोपाला नाही.

९/ या भेदाचे मोल जाणण्यासाठी एदो काळातल्याच दुसऱ्या फुलाकडे पाहावे. ‘आसागाओ’, म्हणजे जपानी मॉर्निंग ग्लोरी, हे त्या काळचे लोकप्रिय फूल. तिच्या पिवळ्या फुलांची चित्रे व नोंदी जुन्या पुस्तकांत आहेत. तो वाण मात्र लुप्त झाला. वेल एका हंगामाची, दरवर्षी बियांतून नवी करावी लागणारी. साखळी एकदा तुटली की तुटलीच. २०१४ साली जपानी संशोधकांनी स्नॅपड्रॅगनचे जनुक घालून पिवळी आसागाओ पुन्हा घडवली. फूरानच्या बाबतीत मात्र एकच रोप विभागत विभागत पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होऊ शकते. आज कुणाच्या ओसरीवर असलेला फुटवा हा शंभर वर्षांपूर्वीच्या रोपाचाच एक अंश असू शकतो.

१०/ जोपासना अवघड नाही, पण ती उतावळ्यांसाठी नाही. स्फॅग्नम शेवाळाचा आतून पोकळ उंचवटा करून त्यावर रोप बसवतात आणि मुळे त्याभोवती पसरवतात. तळाला मोठे छिद्र असलेली कुंडी, खेळती हवा आणि गाळून येणारा भरपूर प्रकाश हवा. वाढीच्या उन्हाळ्यात पाणी सढळ द्यावे. हिवाळ्यात थंडावा आणि कोरडेपणा, म्हणजेच विश्रांती. शेवाळ बदलायचे ते वसंताच्या सुरुवातीला, नवी मुळे फुटण्याआधी. पाने वर्षाला मोजकीच येतात आणि फुटवा विभागण्याजोगा व्हायला काही वर्षे जातात.

११/ या संथपणामुळेच किंमत चढते आणि इथेच धोका उभा राहतो. निराळ्या जातींचा मूळ स्रोत रान हाच होता. एक वेगळे रोप हाती लागावे म्हणून कित्येक साधी रोपे ओरबाडली जातात. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत फूरान ‘असुरक्षित’ गटात आहे; दक्षिण कोरियात ते धोक्यातील वन्यजीवांच्या पहिल्या वर्गात मोडते. जवळजवळ सर्वच ऑर्किडप्रमाणे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे. घरातल्या फुलाने रानातली फांदी उजाड व्हावी, हा छंदाचा पराभव आहे.

१२/ यावर असा युक्तिवाद होतो, की बाटलीतली स्वस्त रोपे हाच रान वाचवण्याचा मार्ग. तो बऱ्याच अंशी खरा आहे. सुगंधासाठी फूरान हवे असणाऱ्याने बीजापासूनचे रोप आनंदाने घ्यावे. आक्षेप आहे तो त्यावर जातिवंत नावाची चिठ्ठी लावून विकण्याला. खोट्या नावाने ग्राहक एकदाच फसतो. वंशावळ मात्र कायमची गढूळ होते, कारण तीच चिठ्ठी पुढे प्रत्येक फुटव्याबरोबर जाते.

१३/ म्हणून पिवळ्या फुलाच्या खरेदीदाराने छायाचित्राआधी चार प्रश्न विचारावेत. हा फुटवा कुणाच्या रोपाचा? विभागलेला की बीजापासूनचा? फूल उमलल्या दिवशी कसे दिसते आणि मावळताना कसे? रोप रोपवाटिकेत वाढले याचा कागद आहे का? उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर रंग कितीही मोहक असो, हात आखडता घ्यावा.

१४/ एदोच्या शौकिनांची उधळपट्टी अनुकरणीय नव्हती. तेनपो सुधारणांनी (१८४१–४३) चैनीवर निर्बंध आणले, ते उगाच नव्हे. पण नाव जपण्याची, नोंद ठेवण्याची आणि पुढच्या हाती खरे रोप सोपवण्याची त्यांची शिस्त आजच्या बाजाराने घ्यावी अशीच आहे. फिकट पिवळ्या फुलाला स्वतःची साक्ष देता येत नाही. ती त्याच्याबरोबर आलेल्या माणसांनीच द्यावी लागते.