गवत आपलं, काटा कुणाचा?

ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, पाच आदिवासी मेले. मागणी काय होती? पाचशे रतल गवत कापायला अडीच रुपये मजुरी. तेव्हा गवत जमीनदाराचं होतं, घाम आपला. आज प्लॉटवरचं गवत आपलं आहे. वजन मात्र अजून शेठच्या वखारीतच होतं.

यंदा एका पाड्यावर काय झालं ते ऐका. शेठ आला, गंज्या बघितल्या, भाव ठरला, हातावर उचल ठेवली. "मंगळवारी गाडी पाठवतो." मंगळवार गेला, गाडी नाय. आठ दिवसांनी आली, तोवर पाऊस पडून गेला होता. तरी गवत भरून नेलं. पंधरा दिवसांनी माणसं हिशोबाला गेली तर शेठ म्हणे, माल भिजलेला, निम्मा भाव. वर वजनातही घट. माणसं गप घरी आली. चिठ्ठी नव्हती, बोलणार काय?

बोलायला पुष्कळ आहे. 1930 चा मालविक्रीचा कायदा सांगतो, तोंडी सौदा हाही सौदाच. ज्याच्या चुकीनं माल उचलायला उशीर झाला, त्या उशिराचं नुकसान त्याच्याच माथी. माल तपासायचा हक्क शेठला आहे, नाय कोण म्हणतं? पण नाकारायचा तर वेळेत सांगायला पाहिजे. गाठी बांधून पुढं विकला म्हणजे माल त्यानं पत्करला. मग खराबीची तक्रार असेल तर ती त्यानं दाखवून द्यावी. मनाला येईल ती कटती नाय चालणार. आणि उधारीचं बोलणं झालेलं नसेल, तर पैसे हातात पडेपर्यंत आपल्याला गंजी अडवून ठेवता येते.

अडचण पुराव्याची. म्हणून भाव, उचल, गाडीचा दिवस लिहून घ्या, दोन साक्षीदार ठेवा. शेठ सही देत नसेल तर पाड्यातल्या शिकलेल्या पोरानं त्याच दिवशी वहीत लिहावं. गाडी हलायच्या आधी, आपल्यासमोर वजन. कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच नको.

दावे, पंचनामे, मोर्चे यांत आम्ही काट्याकडे बघितलंच नाय, ही संघटनेची चूक.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. आदिवासीला वकील फुकट मिळतो, अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. अर्ज लिहायला आमच्याकडे याल तेव्हा गाडीचा नंबर, उचलीची तारीख आणि त्या दिवशी गंजीपाशी कोण कोण उभं होतं ते आठवून या.