ठाऊक झाल्यावर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाजारात बैल घेताना माझे वडील त्याचे दात पाहतात, खूर पाहतात, त्याला चार पावले चालवतात आणि शेवटी विचारतात, “याची आई कोणाच्या दावणीची?” लहानपणी मला या प्रश्नाचे हसू येई. यंदा ग्रंथालयात एका अमेरिकन घोड्याची हकिकत वाचली आणि ते हसू मावळले.

‘इम्प्रेसिव्ह’ हा क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा १९६९ साली जन्मला. तिकडच्या प्रदर्शनांतल्या एका स्पर्धेत घोड्यावर कोणी बसत नाही. म्होरकी धरून त्याला परीक्षकांपुढे उभे करतात आणि ते त्याचा बांधा पाहून निकाल देतात. पिळदार अंगाच्या जोरावर इम्प्रेसिव्ह १९७४ साली जगज्जेता ठरला. मग काय विचारता! ज्याला त्याला त्याचेच शिंगरू हवे. त्याला दोन हजारांवर शिंगरे झाली आणि त्यांतल्या कित्येकांनी पुढे बक्षिसे मिळवली.

परंतु या वंशातले काही घोडे एकाएकी थरथरत, त्यांचे पाय लुळे पडत, ते कोसळत, काही दगावत. १९९२ साली संशोधकांना कारण सापडले. स्नायूंत सोडियमची ये-जा सांभाळणाऱ्या जनुकात दोष होता आणि त्याचा माग इम्प्रेसिव्हपर्यंत पोचत होता. लसूणघासासारखा पोटॅशियमने भरलेला चारा अशा घोड्याला झटका आणू शकतो. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी आजार होऊ शकतो. कोणत्या घोड्यात तो आहे, हे आता तपासणीने सांगता येऊ लागले.

इथे मला फौजदारी कायद्याचे एक जुने तत्त्व आठवते. नुसत्या कृत्याने माणूस गुन्हेगार ठरत नाही. त्याच्या मनात काय होते, त्याला काय ठाऊक होते, हेही पाहावे लागते. घोडे पाळणाऱ्यांना कोणी कोर्टात खेचावे, असे माझे म्हणणे नाही. पण हाच गज लावून पाहा. १९९२ पूर्वी ज्यांनी नकळत ही पैदास केली ते निर्दोष. त्यानंतर, तपासणी हाताशी असताना, ज्यांनी सदोष घोड्यांची पैदास चालू ठेवली त्यांचे काय? दोन्ही बाजूंनी दोष आलेल्या शिंगरांची नोंदणी त्यांच्या संघटनेने बंद केली ती २००७ पासून जन्मलेल्यांची. म्हणजे पंधरा वर्षांनी! एकाच बाजूने दोष आलेल्यांची नोंद त्यानंतरही चालूच राहिली. “चारा सांभाळला, औषध दिले की असा घोडा नीट जगतो,” असे त्यावर सांगतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण कोसळायचे घोड्याने आणि ढाल मिरवायची मालकाने, हा कुठला न्याय?

आता आमच्या आळीत या. एका बाईची दोन्ही मुले दहा-बारा वर्षांची होईतो चालेनाशी झाली. शहरातल्या डॉक्टरांनी डुशेन नावाचा स्नायूंचा आनुवंशिक आजार सांगितला. तो बहुधा आईकडून, तिच्या नकळत येतो. आळीने मात्र तिला पांढऱ्या पायाची ठरवले. तिच्या घरचे हळदीकुंकू बायका टाळू लागल्या. त्यांत माझी आईही होती. जिला काहीच ठाऊक नव्हते तिला शिक्षा, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना बक्षीस!

आजार वारशाने येतो, अपराध येत नाही. जनावरांच्या जोड्या आपण लावतो, तेव्हा त्यांची जबाबदारी आपली. माणसांच्या बाबतीत कोणाकडे बोट न दाखवता, तपासणी आणि सल्ला मोठ्या इस्पितळांत मिळतो एवढे सांगणे, ही शिकलेल्यांची जबाबदारी.

माझी आजी म्हणे, “आम्हा अडाण्यांना काय ठाऊक?” तिला ते म्हणता येत होते. दोन वर्षे या ग्रंथालयात बसल्यावर मला ते म्हणता येणार नाही. येत्या संक्रांतीला मी त्या बाईंच्या घरी हळदीकुंकवाला जाणार आहे, आणि आईलाही बरोबर नेणार आहे.