नुसतं नखच लागलंय ना!



हरभऱ्याला दुसरं पाणी चालू आहे. घाटेअळीवर लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या वेळी. आज डोकं तापलंय म्हणून वेगळंच लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

परवा सकाळी आमच्या सालगड्याच्या सहा वर्षाच्या पोराला कुत्र्याच्या पिल्लानं पायाला ओरबाडलं. रक्त नाही, दोन लाल रेघा फक्त. पारावर चार शहाणी माणसं बसलेली. एक म्हणाला, नुसतं नखच लागलंय ना, चुना लाव. दुसरा म्हणाला, मिरची पूड भर, विष जळून जातं. तिसऱ्यानं पाणी मंत्रून देणारा बाबा सांगितला. चौथा शिकलेला. तो म्हणाला, पिल्लू दहा दिवस बघू, मेलं तर मग इंजेक्शन घेऊ.

मला सगळ्यात जास्त राग ह्या चौथ्याचा आला, कारण त्याचं अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यावर लोक लवकर विश्वास ठेवतात. दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण पहिला डोस घेऊन मग. चावलेलं कुत्रं किंवा मांजर दहा दिवसांनी ठणठणीत असेल तर पुढचे डोस द्यायचे का नाही ते डॉक्टर ठरवतील. आधी वाट बघायची आणि मग लस, असा हिशोब कुठंच नाही.

मी एवढा तावातावानं का बोलतोय ते सांगतो. मी सातवीत असताना माझा चुलत भाऊ असाच गेला. त्यालाही पिल्लूच चावलं होतं, पोटरीला, दाताचा एक टोचा. घरच्यांनी हळद-तेल लावलं, जखम चार दिवसात भरली, सगळे विसरले. दोन महिन्यांनी पेरणीच्या घाईत त्याला ताप आला. पाय मुंग्या आल्यासारखा करतोय म्हणाला. मग पाण्याचा तांब्या तोंडाजवळ नेला की घसा आवळायचा, वारं लागलं तरी दचकायचा. तिसऱ्या दिवशी गेला. शेवटपर्यंत शुद्धीत येऊन येऊन चुलतीला हाका मारत होता. चुलती आज ऐंशीच्या पुढं आहे. अजून म्हणते, "जखम तर भरली होती रे."

तीच तर गोम आहे. जखम भरते, रोग आत चालत राहतो. कापूसवाल्यांना हे लगेच कळेल. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरायच्या आधी फवारा बसला तर उपयोग. एकदा आत शिरून तोंड बुजलं की वरून काहीही मारा, तिला लागत नाही. रेबीजचा विषाणू तसाच. लाळेतून जखमेत येतो, नसेत शिरतो आणि नसेनं मेंदूकडं सरकत राहतो. लक्षणं दिसायला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवड्यात दिसतात, कधी वर्ष उलटतं. चावा तोंडाला, मानेला, हाताला असेल तर धोका जास्त आणि वेळ कमी. मेंदूत पोचला की जगात कुठल्याच दवाखान्यात खात्रीचा इलाज नाही. म्हणून जे करायचं ते आजच.

काय करायचं? मोटार चालू करा, पाईपाखाली किंवा नळाखाली जखम धरा आणि साबण लावून पुरी पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा लांब असतात. साबणानं विषाणू मरतो. चुना, मिरची, तंबाखू यांनी जखम चिघळते आणि विषाणू अजून आत ढकलला जातो. पट्टी आवळू नका, टाके घालायची घाई करू नका. तसेच उठा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथं फुकट मिळते.

दवाखान्यातसुद्धा डोळे उघडे ठेवा. कितीतरी लोक धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी येतात आणि सांगतात, कुत्र्याचं इंजेक्शन झालं. ते वेगळं, हे वेगळं. रेबीजची लस दंडात देतात. कातडीत दिली तर पहिल्या दिवसाला शून्य धरून पुढं 3, 7 आणि 28 व्या दिवशी. स्नायूत दिली तर 14 व्या दिवशी अजून एक. पोटात चौदा इंजेक्शनं देतात म्हणून भिणाऱ्यांनो, ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, ती देशात बंद होऊन वीस वर्षं झाली.

रक्त आलं असेल, दात आत गेला असेल, किंवा उघड्या जखमेवर जनावरानं चाटलं असेल तर नुसती लस पुरत नाही. जखमेतच सीरम भरावं लागतं, कारण लसीचा जोर अंगात यायला दिवस लागतात. "सीरम इथं नाही" असं सांगितलं की आपली माणसं मान डोलावून घरी येतात. असं करू नका. पहिला डोस तिथंच घ्या, सीरम कुठं आहे ते विचारा, चिठ्ठी लिहून घ्या आणि तिकडं जा. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते घेता येतं, पण पहिल्याच दिवशी मिळालेलं उत्तम.

आता गोठ्याचं. ही चूक मी स्वतः केलेली आहे. तीन वर्षांपूर्वी माझी गाय चारा सोडून लाळ गाळायला लागली, आवाज घोगरा, गिळता येईना. मला वाटलं उसाचं कांडं अडकलं. कोपरापर्यंत हात घातला, तोही पाल्यानं चिरलेला. जनावरांच्या डॉक्टरांनी लांबूनच बघून पहिला प्रश्न केला, "तोंडात हात कुणी घातला?" गाय चौथ्या दिवशी गेली. मी लस आणि सीरम दोन्ही घेतलं म्हणून आज लिहितोय. लाळ गळतेय म्हणजे लाळ्या-खुरकुत नाहीतर घशात काहीतरी, असं धरून मोकळा हात घालू नका. अशा जनावराचं दूध टाकून द्या. मेल्यावर कातडं काढू नका, खोल पुरा. आणि चांगल्या जनावराला पिसाळलेलं कुत्रं, कोल्हा, मुंगूस चावलं तर जखम हातमोजे घालून तशीच धुवा आणि त्याच दिवशी लस चालू करा. 1962 ला फोन लावा.

कुत्री मारून हे मिटत नाही. दहा मारली तर दुसऱ्या शिवारातली दहा येतात, तीही बिनलसीची. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरसाल लस टोचली की रोगाची साखळी तुटते. गोव्यानं गावोगाव हेच केलं आणि 2021 साली तिथल्या सरकारनं सांगितलं, तीन वर्षांत रेबीजनं एकही माणूस गेला नाही. आपल्या ग्रामसभेत कमानीवर आणि फ्लेक्सवर तासभर भांडण होतं, कुत्र्यांच्या लसीचा विषय एकजणही काढत नाही. येत्या सभेत मी काढणार आहे. तुम्ही तुमच्या गावात काढा.

शेवटचं बागायतदारांना आणि मुकादमांना. गरीब माणूस शेवटचे डोस चुकवतो तो रोज बुडतो म्हणून. त्याला अडाणी म्हणायच्या आधी त्या दिवसाचा रोज द्या.

आमच्या गड्याच्या पोराला रक्त नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी नुसती लस दिली. उद्या तिसऱ्या दिवसाचा डोस आहे. मीच गाडीवर घेऊन जाणार आहे दोघांना. गड्याची हजेरी आजच मांडून ठेवलीय.